नऊ टक्क्यांचा पंच

व्यक्ती क्रमांक: ४१. नाव: धर्माजी गेनू थोरवे. लिंग: पुरुष. वय: अंदाजे ७३ (जन्मनोंद उपलब्ध नाही, ज्या साली घोड नदीचे पाणी चावडीत शिरले त्या साली जन्म, असे व्यक्तीचे म्हणणे). व्यवसाय: शेती, पैकी द्राक्षबाग एक एकर. औषध फवारणीचा अनुभव: अकरा वर्षे. व्यसन: तंबाखू. शरीरावरील खुणा: दोन्ही कान कुस्तीत मोडलेले. श्रवण: उत्तम. दृष्टी: ठीक (व्यक्तीच्या सांगण्यावरून). शेरा: सहकार्य चांगले.

ही नोंद १९९८ च्या नोव्हेंबरात लोणवाडीच्या मारुतीच्या ओट्यावर झाली. लिहिणारी प्राची नावाची मुलगी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली. द्राक्षांवर औषध मारणाऱ्या शेतकऱ्यांच्या रक्तातल्या गुणसूत्रांवर काय परिणाम होतो, हे तिला शोधायचं होतं. लोणवाडी आंबेगाव तालुक्यात, कळंबपासून अडीच कोसांवर. पण गावाचा ओढा ओलांडला की जुन्नर तालुका लागतो, त्यामुळे दोन्हीकडच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालून गावाची सरकारी कागदावर श्रद्धा बसली होती. सुई मात्र गावाला आवडत नसे. प्राचीने डबा उघडला आणि ओट्यावरची निम्मी मंडळी पाणी धरायला निघून गेली.

तेव्हा धर्माजींनी बाही वर सारली. गावात पहिला नारळ, पहिला खांदा आणि पहिला शब्द त्यांचा असे, तर पहिलं रक्त दुसऱ्याचं कसं जाणार? मात्र त्यांनी एक अट घातली.

"न्या रक्त. पण काय निघालं ते कागदावर कळवायचं. आमी वावरातली माती तपासाय देतो, तवा कागद येतो. रक्त काय मातीपेक्षा हलकं हाय व्हय?"

अशा अभ्यासात एकेकाला निकाल कळवायची रीत नव्हती. पण प्राचीला अजून बावन्न माणसांचं रक्त हवं होतं. ती म्हणाली, "कळवीन, आजोबा." पुढे जे झालं ते या दोन शब्दांमुळे.

धर्माजी हे गावच्या हगाम्याचे पंच. चैत्रात भैरोबाची यात्रा असते. दुसऱ्या दिवशी दुपारी हगामा, म्हणजे कुस्त्यांचा फड. तांबडी माती चाळून, तिच्यात ताक, हळद आणि लिंबू कालवून आखाडा तयार करतात, कडेला मारुतीची तसबीर मांडतात, आणि त्यानंतर त्या मातीत बाईचं पाऊल पडू देत नाहीत. बायका देवळाच्या पायऱ्यांवरून कुस्त्या पाहतात आणि पुरुषांपेक्षा जास्त ओरडतात. पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत कोण चीत झाला आणि कोण नाही, हे गेली सव्वीस वर्षं धर्माजी ठरवत आले होते. त्यांचा निकाल फिरला असं एकदाही घडलं नव्हतं. सोसायटीचा चेअरमन बदलला, सरपंच सहा झाले, तालुक्याला धरण आलं, पण धर्मातात्यांनी एकदा हात वर केला की तो वरच.

या सव्वीस वर्षांतल्या शेवटच्या तीन वर्षांविषयी मात्र एक गोष्ट फक्त दोन माणसांना ठाऊक होती. एक धर्माजी आणि दुसरी त्यांची बायको लंकाबाई. धर्माजींना दिसत नव्हतं. उजव्या डोळ्यापुढे दुधावरची साय धरल्यासारखं झालं होतं आणि डाव्यातून माणूस दिसे तो धुक्यातला नारायणगड दिसावा तसा: आहे एवढं कळे, कुठून चढायचं ते कळत नसे. तीन वर्षं ते कानांनी निकाल देत होते. गुडघा मातीवर पडला की ठक् वाजतो, कोपर पडलं की थप्, आणि पाठ लागली की भप्प असा आवाज येतो, पोतं टाकल्यासारखा. पाठोपाठ खालच्या गड्याच्या छातीतली हवा बाहेर पडते. शंका वाटली तर पंच गुडघ्यावर बसून पाठीखाली तळहात सारून पाहतो, तो त्याचा हक्कच असतो. धर्माजी अलीकडे तो हक्क बराच वापरत. गाव म्हणे, म्हातारा लई बारीक बघतो.

"मंचरला डोळं दाखवून या की," लंकाबाई महिन्यातून एकदा म्हणे.

"दाखवलं म्हंजी डाक्टर लिव्हणार. लिव्हलं म्हंजी गावाला कळणार. कळलं म्हंजी मी पायरीवर बसणार, तुझ्या शेजारी."

"माझ्या शेजारी बसाय काय काटं टोचत्यात?"

यावर धर्माजी तंबाखू मळत.

फेब्रुवारीत पुण्याहून पाकीट आलं. धर्माजींनी ते उघडलं, उन्हात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि चांदच्या दुकानात गेले. चांद हा गावचा टेलर. एकाच मशीनवर तो बायकांचे झंपर शिवी आणि पैलवानांचे लंगोटही, आणि दोन्हींची मापं त्याच्या एकाच वहीत असत. गावातला सगळ्यात सुवाच्य अक्षराचा माणूस तोच, म्हणून यात्रा कमिटीचं प्रोसिडिंगही त्याच्याच हाती. त्याच्यात दोष एकच होता. वीस वर्षं मशीनच्या आवाजावर बोलून त्याला हळू बोलता येत नसे.

"चष्मा घरी ऱ्हायला," धर्माजी म्हणाले. त्यांनी आयुष्यात चष्मा घेतला नव्हता. "जरा वाच रं."

दुकानात त्या वेळी सात गिऱ्हाईकं होती. चांदने पाय मशीनवरून काढला, पण आवाज तोच ठेवला.

"'आदरणीय धर्माजी आजोबा यांस. आपल्या रक्तातील शंभर पेशी तपासण्यात आल्या. फवारणीमुळे होणारी मोडतोड फारशी आढळली नाही. मात्र शंभरापैकी नऊ पेशींमध्ये वाय हे गुणसूत्र, म्हणजे ज्यामुळे माणूस पुरुष होतो ते गुणसूत्र, नाहीसे झाले आहे.'"

इथे चांद थांबला. थांबायला नको होतं. पत्रात अजून चार ओळी होत्या: वय वाढतं तसे शरीराच्या पेशींमध्ये असे बदल साठत जातात, पुष्कळ वृद्ध पुरुषांत हे सापडतं, काळजीचं कारण नाही, वगैरे. चांदने त्या नंतर प्रामाणिकपणे वाचल्यादेखील. पण तोवर सातपैकी पाच गिऱ्हाईकं दुकानाबाहेर पडली होती.

दिवस मावळायच्या आत लोणवाडीला कळलं की धर्मातात्या शंभरात नऊ बाई झाला. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या पोरांनी विचारलं, "तात्या, यंदा हळदीकुंकवाला कोणाकडं?" तिसऱ्या दिवशी कुणीतरी सुचवलं की पुढच्या ग्रामपंचायतीला वॉर्ड महिला राखीव झालाय, तात्यांनी अर्ज भरायला हरकत नाही. धर्माजींनी ही बातमी स्वतः लंकाबाईला सांगितली. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. ती चुलीपुढे होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"शंभरात नऊ?"

"नऊ."

"मग या हिकडं. शंभरातल्या नऊ भाकऱ्या तुमी थापा."

घरात या विषयावर ती एवढंच बोलली. गाव इतक्यावर थांबलं नाही, कारण गावात सयाजी होता.

सयाजी धर्माजींच्याच वयाचा, यात्रा कमिटीतला सगळ्यात जुना सभासद. कान त्याचेही मोडलेले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कळंबच्या हगाम्यात या दोघांची कुस्ती झाली होती आणि पंचाने सयाजी चीत झाल्याचा निकाल दिला होता. सयाजीचं म्हणणं असं, की पाठ लागलीच नव्हती. डावा खांदा लागला होता, पण उजव्या खांद्याखालून कुत्र्याचं पिल्लू गेलं असतं एवढी जागा होती. हे पिल्लू पंचेचाळीस वर्षं गावात फिरत होतं. लग्नात, तेराव्याला, सोसायटीच्या सभेत, कुठेही ते सयाजीच्या बोलण्यातून बाहेर पडे.

मार्चमध्ये यात्रा कमिटीची बैठक भरली. अध्यक्ष हौशीराम. हा ट्रॅक्टरचा मालक, त्यामुळे त्याला सगळ्यांची गरज आणि सगळ्यांना त्याची. वर्गणी, मांडव, तमाशा हे विषय संपले तसा सयाजी घसा खाकरून म्हणाला,

"चांद, त्यो कागद वाच. मोठ्यानं वाच."

"अहो सयाजीबाबा, साऱ्या गावाला पाठ हाय."

"तरी वाच. मिटिंगमधी वाचल्याबिगर त्येला अर्थ न्हाई."

चांदने वाचला. मग सयाजी म्हणाला, "माजं धर्माशी वैर न्हाई. पण मातीत बाईचं पाऊल पडत न्हाई, ही वाडवडलांची रीत हाय. शंभरात नऊ का व्हईना. उंद्या नासकं दूध शंभरात नऊ लिटर घातलं, तर डेअरीवाला घेतोय का?"

कमिटी विचारात पडली. असा प्रश्न पूर्वी कधी आला नव्हता आणि जो प्रश्न पूर्वी आलेला नाही तो लोणवाडीत अवघडच समजला जातो. एकाने विचारलं, नऊ टक्के नेमके कुठे आहेत? पाय शुद्ध असतील तर प्रश्नच मिटला. दुसरा म्हणाला, रक्त सगळीकडे फिरतं, आत्ता पायात असेल तर घटकेनं डोक्यात. तिसऱ्याचं म्हणणं, तात्यांनी मातीत पायताण घालून उतरावं. हे ऐकून सगळ्यांनीच कानाला हात लावले. पायताण घालून मातीत उतरण्यापेक्षा बाई परवडली.

शेवटी हौशीरामने मधला मार्ग काढला, म्हणजे जो कुणालाच नको असतो तो. "असं करू. तात्यांचा मान हाय तसा ठिवू. पर मातीत उतरायचं न्हाई. कडंला खुर्ची टाकू, शाल देऊ, तिथनं त्येंनी निकाल द्यायचा. सावलीत."

धर्माजी भिंतीला टेकून बसले होते. खुर्ची ऐकली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. अपमानाचा भाग वेगळा. मातीत, दोन हातांवर असलं, तर ठक् आणि भप्प यांतला फरक कळतो. कडेवरून, पाच हजार माणसांच्या कालव्यात, काय ऐकू येणार? आणि पाठीखाली हात सारायला खुर्चीवरून हात तरी किती लांब पुरणार? पहिल्या दहा कुस्त्यांत साऱ्या पंचक्रोशीला कळलं असतं की लोणवाडीचा पंच आंधळा आहे, आणि गेली तीन वर्षं तो आंधळाच होता. मग त्या तीन वर्षांतले सगळे निकाल उकरून निघाले असते. शंभरात नऊ बाई असणं त्यामानाने काहीच नव्हतं.

"मी मातीतच उभा ऱ्हाणार," ते म्हणाले. "नायतर पंच दुसरा बघा. पर आधी त्या पोरीला बोलवा. जिनं लिव्हलं तिलाच इचारा, मी कोण हाय."

चांदने कळंबला जाऊन एसटीडीवरून फोन लावला. प्राचीला आधी काहीच उमजेना. उमजलं तेव्हा तिने रजा टाकली आणि रविवारी पहिल्या गाडीने आली. येताना तिने एक फळकुटाएवढा तक्ता आणला होता, त्यावर गुणसूत्रांच्या काड्या जोडीजोडीने चिकटवलेल्या. मारुतीच्या ओट्यावर कमिटी बसली, पायऱ्यांवर बायका. लंकाबाई सगळ्यात वरच्या पायरीवर.

"माणूस सुरुवातीला एकच पेशी असतो," प्राची म्हणाली. "एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. प्रत्येक वेळी आतला सगळा मजकूर नव्या पेशीसाठी उतरवून घ्यावा लागतो. तीनशे कोटी अक्षरं आहेत."

"कोण उतरवतं?" हौशीरामने विचारलं.

"पेशीच."

"दर सालाला?"

"रोज. या क्षणीसुद्धा तुमच्या अंगात करोडो ठिकाणी चाललंय."

हौशीरामने अस्वस्थ होऊन स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"मग चुका व्हायच्याच," चांद म्हणाला. "मी एक प्रोसिडिंग उतरवतो तर दोन ओळी गळतात."

"होतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. काही राहून जातात. राहिलेली चूक पुढच्या पेशीत जाते, तिथे नवी भर पडते. कुठे अक्षर बदलतं, कुठे ओळ गळते, आणि वय झालं की कधी कधी आख्खं गुणसूत्रच विभागणीत मागे राहतं. वाय सगळ्यात लहान गुणसूत्रांपैकी, ते जरा जास्त गळतं. सत्तरीच्या माणसात जन्मापासून जशीच्या तशी राहिलेली पेशी शोधून सापडायची नाही. बाहेरून एक माणूस दिसतो, आत एकमेकांपासून थोड्या थोड्या वेगळ्या पेशींची वस्ती असते. मी हे फवारणीमुळे होतं का ते बघायला आले होते. पण फवारणी न करणाऱ्या म्हाताऱ्यांतही तेवढंच निघालं. हे वयाचं आहे, औषधाचं नाही." शेवटचं वाक्य बोलताना तिचा चेहरा थोडा पडला, कारण तिचं दोन वर्षांचं काम या वाक्यात बुडालं होतं.

धर्माजी इतका वेळ खाली मान घालून ऐकत होते. ते एकदम म्हणाले,

"माज्या बागंत तिसऱ्या वळीत एक येल हाय. हौशीराम, तू बघितलाय. सगळ्या काड्यांना गोल मणी, आन् एकाच काडीला लांब. ती काडी आमी लावली न्हाई, कलम केली न्हाई. आपसूक फिरली. तसंच का बाई?"

प्राचीने तक्ता खाली ठेवला. "अगदी तसंच, आजोबा. त्या काडीच्या एका पेशीत बदल झाला आणि पुढे सगळी काडी त्या पेशीची झाली."

"मग त्या एका काडीपायी त्या येलाला कोण आंबा म्हणतंय का?" धर्माजींनी कमिटीकडे, म्हणजे जिथे कमिटी असावी असं वाटत होतं तिकडे, पाहिलं. "येल द्राक्षाचाच हाय. त्येचा मालबी द्राक्षाच्याच ट्रकात जातो."

हा मुद्दा बसला. द्राक्ष सगळ्यांनाच कळत होतं. पायऱ्यांवरून एका म्हातारीने विचारलं, "आन् बायांचं काय गं पोरी? बायांचं काय गळतंय का न्हाई?"

"गळतं ना. बायकांत दोन एक्स असतात, वयाप्रमाणे काही पेशींतून त्यातलाही एक जातो."

"म्हंजी म्हाताऱ्या बाया बापय व्हत्यात?"

"नाही हो, तसं नाही."

"व्हत्यात की," लंकाबाई वरून म्हणाली. "न्हाईतर घरं कोण चालवतंय?"

सयाजीने हात वर केला. "ते सारं खरं. पर मातीचं काय? मारुतीला काय सांगायचं? येलाची काडी फिरली?"

तेव्हा प्राचीने जे केलं ते तिने वैतागून केलं, असं चांद पुढे सांगत असे. तिने पिशवीतून डबा काढला, उघडला, आणि सुया ओट्यावर मांडल्या. "ठीक आहे. कमिटीतल्या सगळ्यांचं रक्त आजच घेते. ज्यांच्या शंभर पेशींत एकही वाय गळालेलं नाही, त्यांनीच मातीत उतरायचं. चालेल?"

कमिटीचं सरासरी वय अडुसष्ट होतं. एकाला आठवलं की त्याची म्हैस व्यायला झाली आहे. दुसऱ्याचा त्या दिवशी उपास निघाला, रक्त काढलेलं चालत नाही. तिसरा म्हणाला की मुळात हा विषय अजेंड्यावरच नव्हता. सयाजीची बाही मनगटापर्यंत खाली होती ती त्याने आणखी ओढली.

हौशीरामने मग ठराव सांगितला आणि चांदने लिहून घेतला. सयाजी म्हणाला, "वाच. मोठ्यानं." चांदने वाचलं:

"'ठराव क्रमांक ७. श्री. धर्माजी गेनू थोरवे हे एक्क्याण्णव टक्के पुरुष असल्याचे शास्त्रीय दृष्ट्या सिद्ध झाल्याने मुख्य पंच म्हणून तेच राहतील व मातीत उभे राहतील. उर्वरित नऊ टक्क्यांकरिता श्री. सयाजी यांची सहायक पंच म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. तेही मातीतच उभे राहतील. एकमताने मंजूर.'"

"हे शास्त्रीय दृष्ट्या चूक आहे," प्राची म्हणाली. "ते पूर्ण पुरुष आहेत. नऊ टक्के असं काही नसतं."

"म्याडम," हौशीराम नम्रपणे म्हणाला, "शास्त्र तुमचं, ठराव आमचा."

प्राची पुरणपोळी खाऊन दुपारच्या गाडीने गेली. धर्माजी जिंकले, असं गाव म्हणालं. घरी आल्यावर ते उंबऱ्यात बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

"आता काय झालं?" लंकाबाईने विचारलं. "मातीत उभं ऱ्हायचं व्हतं, ऱ्हायला की."

"सया शेजारी उभा ऱ्हाणार. आजपातूर मातीत माज्याबिगर बघणारं कोण नव्हतं. आता डोळस माणूस आला. मी भप्प ऐकून हात वर करणार आन् त्यो म्हणणार, पाठ कुठं लागली? पंचेचाळीस वर्सं त्यो ह्याच वाक्याची वाट बघतोय."

"मग सांगून टाका आधीच."

"हगामा झाला की सांगतो."

"तीन हगामं झालं की हो."

हगाम्याच्या दिवशी दुपारी चारला धर्माजींनी मातीला हात लावून कपाळी नेला आणि उतरले. मागोमाग सयाजी उतरला. उतरताना त्याचा पाय मारुतीच्या तसबिरीपुढच्या नारळाला लागला आणि नारळ घरंगळत गेला. गाव म्हणालं, रागात आहे म्हातारा.

रेवड्यांच्या कुस्त्या, नारळाच्या कुस्त्या, मग फेट्याच्या. धर्माजी ऐकत होते आणि हात वर करत होते. दर वेळी ते सयाजीच्या 'थांब'ची वाट पाहत. 'थांब' येत नव्हता. धर्माजींनी हात वर केला की अर्ध्या श्वासाने सयाजीचाही हात वर जाई. सोळा कुस्त्या झाल्या, सोळाही वेळा सयाजी सहमत. गावाला याचं नवल वाटलं. एवढ्या वर्षांचं वैर, पण निकालाला म्हातारा सच्चा, असं पायऱ्यांवर बोललं गेलं. धर्माजींना मात्र घाम फुटत चालला. सया आपल्याला शेवटच्या कुस्तीसाठी राखून ठेवतोय, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. तेवढंच दिसत होतं.

शेवटची कुस्ती दिवस कलायला लागली. आळ्याचा पैलवान आणि मंचरचा पैलवान. इनाम मोठं, दोन्ही गावं ट्रक भरून आलेली. आणि जुन्नरहून आणलेल्या हलगीवाल्यांनी नेमका त्याच वेळी ताल धरला. हलगी कडाडायला लागली तसे धर्माजींचे कान गेले. ठक् नाही, थप् नाही, श्वास नाही, सगळीकडे हलगी. त्यांनी हात हलवून वाजंत्री थांबवायला सांगितलं. हलगीवाल्यांना वाटलं, तात्या रंगात आले. त्यांनी ताल वाढवला.

वीस मिनिटं दोन मोठी सावटं मातीत इकडून तिकडे सरकत होती. मग लोकांचा एकच गलका उठला. सावटं खाली आली होती. धर्माजी धावले, गुडघ्यावर बसले. मंचरचा वर होता की आळ्याचा, ते कळत नव्हतं. गलका अर्धा 'लागली!' म्हणत होता आणि अर्धा 'न्हाई लागली!' आता एकच उरलं होतं. त्यांनी मातीवर चाचपत खालच्या गड्याच्या पाठीखाली तळहात सारला.

तिथे आधीच एक हात होता.

म्हातारा, खरबरीत, बोटं एका बाजूला वळलेली. हा हात त्यांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी धरला होता, सोडवला होता, पिरगाळला होता. तो विसरण्यासारखा नव्हता.

"सया?" त्यांनी पैलवानाच्या बरगडीशी तोंड नेऊन विचारलं.

"धर्मा? हात काढ तुझा."

"तू काढ. तुला दिसत न्हाई व्हय रं, चाचपतोयस ते?"



"तुला दिसतंय?" सयाजी म्हणाला.

"मग इतका येळ माज्यामागनं हात कसा वर करत व्हतास?"

"तुझ्या धोतराचं पांढरं तेवढं दिसतंय. ते हललं की मी हात वर करतो."

वरच्या पैलवानाचा घाम दोघांच्या मानेवर ठिबकत होता. खालचा पैलवान कण्हत म्हणाला, "बाबा, निकाल द्या की, मरतोय मी."

"पाठ लागली का?" धर्माजींनी विचारलं.

"माज्या हाताला लागली. तुझ्या?"

"माज्याबी."

"मातीला?"

"मधी हात हायेत की दोघांचं."

सयाजीने थोडा विचार केला. "त्या साली कळंबला माज्या पाठीखाली आसा कुणी हात घातला आसता, तर..."

"सया, हे पोरगं मरंल."

"बरोबरी," सयाजी म्हणाला.

"बरोबरी," धर्माजी म्हणाले. दोघांनी हात बाहेर ओढले आणि एकमेकांचा आधार घेत उठले. मुख्य पंचाने एक हात आळ्याच्या बाजूला आणि एक मंचरच्या बाजूला वर केला. अर्ध्या श्वासाने सहायक पंचानेही तेच केलं. दोन्ही गावं क्षणभर चिडली आणि मग, इनाम वाटून मिळणार हे ध्यानात आल्यावर, खूश झाली. लंकाबाई पायरीवरून उठली आणि घरी गेली.

यात्रा कमिटीच्या प्रोसिडिंगात, चांदच्या सुवाच्य अक्षरात, त्या वर्षीची नोंद आहे: "शेवटची कुस्ती मुख्य पंच श्री. धर्माजी व सहायक पंच श्री. सयाजी यांनी अत्यंत जवळून व बारकाईने पाहून, एकमताने बरोबरीत सोडविली. निकालाबाबत कोणाचीही तक्रार नाही. दोन्ही पंचांच्या डोळस व निःपक्षपाती कामगिरीबद्दल कमिटी त्यांचे आभार मानते."

जूनमध्ये दोघे एकाच एसटीने मंचरला मोफत शिबिरात गेले. चारही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला.